उम्म सलालची पडवी

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद गावातल्या एका जुन्या शेतघराचा अहवाल माझ्या कपाटात आहे. त्यात एक चूक आहे आणि ती माझी आहे. आजवर ती बाहेर आली नाही, कारण अहवाल कुणी वाचला नाही. चित्रं मात्र सगळ्यांनी पाहिली, आणि चूक नेमकी चित्रातच आहे.

वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं. सगळा देश खणून ठेवला होता. ऑफिसला जायचा रस्ता दर आठवड्याला बदलायचा. इतकी वर्षं दोह्यात काढूनही मी घरी जाताना चुकायचो आणि बायकोला फोन करून सांगायचो, आज समुद्राच्या बाजूने येतोय बहुतेक. जे दिसेल ते नवं होतं किंवा नवं होण्याच्या वाटेवर होतं. मग कुणाला तरी वाटलं की पाहुण्यांना दाखवायला थोडं जुनंही हवं. त्यासाठीही टेंडर निघालं.

आमच्या कंपनीने टॉवर बांधले होते, त्यामुळे जुनंही जमेल असं धरून तिने एक विभाग उघडला. विभागात माणसं दोन. एक मी, सिव्हिल इंजिनिअर. माझं लुसैल या नव्या वसणाऱ्या शहरातलं काम कुठल्याशा परवानगीत अडकलं होतं आणि मला बसवून ठेवणं साहेबलोकांना बघवत नव्हतं. दुसरा आमचा बॉस, निवृत्तीला आलेला एक स्कॉटिश माणूस. जुन्या इमारती हा त्याचा खरा विषय. इथे मात्र त्याने वीस वर्षं कार पार्किंगचे आराखडे काढले होते.

त्याच्या खुर्चीमागे एक चौकट टांगलेली असे. स्कॉटलंडमधल्या त्याच्या घराण्याच्या शेतघराचा नकाशा, तरुणपणी त्याने स्वतः काढलेला. मधे फरसबंद अंगण, चारी बाजूंनी इमारती, आणि प्रत्येक काळाला वेगळा रंग. सगळ्यात जुनं राहतं घर. मग मळणीचं कोठार. कोठाराला चिकटून एक गोल खोली, तिच्यात घोडे गोल फिरत आणि आत मळणीयंत्र चाले. मग गोठा, मग गोठ्याला जोडलेला दुसरा गोठा, आणि शेवटी ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड. तो म्हणायचा, "घर बघू नकोस, सांधा बघ. दोन भिंतींचे दगड एकमेकांत गुंतले नसतील तर तिथे काळ एकदा थांबलाय आणि पुन्हा सुरू झालाय." आणि मग, "शेतकरी सुंदर दिसावं म्हणून बांधत नाही. एक गाय वाढली की बांधतो."

त्याच्या घराच्या दारावर एका दगडात फार जुनं साल कोरलेलं होतं. त्याच्यावरून गावात सगळ्यात जुनं घर म्हणून त्याचा मान. आत्या मरायला टेकली तेव्हा तिने सांगितलं, ते साल आजोबांनी कोरलं. बर्फ पडलेलं, काम काही नव्हतं.

"मग काढला का दगड?" मी विचारलं.

"छे. आता त्याला सरकारी संरक्षण आहे."

मी हसलो. तेव्हा मला हसणं परवडत होतं.

शेताला इकडे मजरा म्हणतात. आमच्या वाट्याला आलेला मजरा गावाच्या कडेला होता. चारी बाजूंनी मातीची भिंत, आत खजुराची झाडं, आणि झाडांच्या शेंड्यांवरून हवा स्वच्छ असेल त्या दिवशी दूरवर लुसैलच्या क्रेन दिसत. बॉसच्या शिकवणुकीप्रमाणे मी सांधे बघत फिरलो. विहीर आणि तिच्याशेजारचं दगडी टाकं सगळ्यात जुनं. मग खजुराची खोली. तिच्या जमिनीला पन्हळी पाडलेल्या. वर खजुरांची पोती रचायची, त्यांच्या भाराने रस निथळतो आणि पन्हळींतून कोपऱ्यातल्या रांजणात उतरतो. त्यानंतर पाहुण्यांची बैठक, ओबडधोबड दगड आणि मातीची, वर खारफुटीच्या वाशांचं सपाट छप्पर. मग बकऱ्यांचा गोठा. मग डिझेल पंप आला तेव्हाची सिमेंट ब्लॉकची पंपखोली, आणि तिला लागून तशीच एक राहायची खोली, वर पत्रा. इथेही तेच. एक पंप वाढला की एक खोली.

आणि खजुराच्या खोलीच्या दक्षिण अंगाला एक ओसरी होती.

मोजमापाचं काम उन्हाळ्याच्या तोंडावर केलं. राखणदार रजेवर गावी गेला होता, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. मी एकटा, एक टेप, एक लेसर, पाण्याच्या बाटल्या. दुपारी डबा उघडायला मी त्या ओसरीत बसायचो. चौथऱ्याची उंची अशी की पाय न लोंबता टेकायचे. खांब दगडी तळखड्यांवर उभे. छप्पर मातीचंच, पण बाहेरच्या बाजूला उतरतं, आणि वळचण इतकी खाली की आत शिरताना मान वाकवावी लागे. तिथे बसलं की डोक्यातली घरघर थांबायची. मी पोळीभाजी खायचो, खांबाला टेकून दहा मिनिटं डोळे मिटायचो आणि वाटायचं, ही जागा फार जुनी आहे. हे शंभर वर्षं असंच असणार.

ते वाटणं मी नकाशावर उतरवलं. ओसरीला लाल रंग दिला. लाल म्हणजे पहिला काळ, जपायचा. खांबांखालचे तळखडे वाळवीपासून बचावासाठी, असं लिहिलं. छपराचा उतार क्वचित येणाऱ्या जोरदार पावसाला स्थानिक कारागिरांनी शोधलेलं उत्तर, असं लिहिलं. हे वाक्य मला फार आवडलं होतं. ब्लॉकच्या दोन्ही खोल्यांना मी पिवळा रंग दिला आणि खाली लिहिलं, तिसऱ्या काळातील बांधकामास वारसामूल्य नाही. हे वाक्य माझं नव्हतं. जुन्या कुठल्या तरी अहवालातून उचललं होतं.

टेंडर काढणाऱ्या समितीला ओसरी इतकी आवडली की अहवालाच्या मुखपृष्ठावर तीच आली. 'लिवान' हा अरबी शब्द बॉसने घातला, ओसरी म्हणून कोण पैसे देणार. मग एक दिवस ठेकेदाराची माणसं येऊन भिंतींवर रंग मारून गेली. जे ठेवायचं त्यावर लाल ठिपका, जे पाडायचं त्यावर पिवळी फुली.

पुढच्या आठवड्यात राखणदार लांबलेल्या रजेवरून परतला. मी गेलो तेव्हा तो पंपाशेजारच्या राहत्या खोलीसमोर हात पाठीमागे बांधून उभा होता, भिंतीवरचं काही वाचता येत नसल्यासारखा. साठीच्या पुढचा माणूस, डोक्यावर विणलेली टोपी, लुंगी. मी हिंदीत बोलायला लागलो तर दोन वाक्यांत त्याने ओळखलं. "मराठी काय?" रत्नागिरीकडचा निघाला. मी चाचा म्हणू लागलो, त्याने मला साहेब म्हणायचं सोडलं नाही, पण त्या साहेबमधे मान कमी आणि चिमटा जास्त.

"साहेब, ही फुली कसली?"

"पाडायची आहे."

"माजी खोली?"

"हो."

"आणि पडवीला नाय?"

"ती पडवी नाही चाचा, लिवान आहे. सगळ्यात जुनी. ती ठेवायची."

तो पडवीपाशी गेला. मग चौथऱ्याच्या कडेला बसला. "गाव कुठला तुमचा?"

"नाशिक."

"मंग चालायचाच. आणि सासरवाडी?"

"दापोली."

"मंग तुमाना लाज वाटाया पायजे."

मी वर बघितलं, खाली बघितलं. वीसेक वर्षं मी जावई म्हणून ज्या पडवीत बसून फणसाचे गरे खाल्ले, मान वाकवून शिरताना पहिल्या वर्षी ज्या वळचणीवर कपाळ आपटून घेतलं, ती समोर होती. फक्त कौलांच्या जागी माती. मला ती जुनी वाटली होती, कारण ती माझ्या ओळखीची होती. एवढ्याशा गोष्टीवर मी कतारच्या वास्तुकलेचा एक काळ उभा केला होता.

चाचाने ती बांधली, म्हाताऱ्या मालकासाठी. आत्ताच्या मालकाचा बाप. म्हाताऱ्याला दुपारी बैठकीत कोंडल्यासारखं व्हायचं आणि बाहेर ऊन. चाचाचा बाप गावी गवंडी होता, त्यामुळे चाचाला सावली म्हटल्यावर एकच वस्तू माहीत होती. वासे शहरातल्या पडलेल्या घरातून पिकअपमधे आणले, म्हणून जुने. माती इथलीच. आत्ताचा मालक तेव्हा शाळकरी होता, सुट्टीच्या दिवशी पायाने चिखल तुडवायला यायचा आणि आईच्या शिव्या खायचा.

"आणि हा उतार?" मी विचारलं. माझं आवडतं वाक्य मला आठवत होतं.

"पानी जाया नको? उतार नाय दिला तर बापूस मारायचा."

"इथे पाऊस कुठे पडतो?"

"बापसाला काय म्हायती."

"आणि तळखडे?"

"ते आसतातच," तो म्हणाला. खांबाला तळखडा का, हे कुणी विचारू शकतं याचंच त्याला नवल वाटलं.

म्हातारा मालक पुढे आजारी पडला तेव्हा त्याने इस्पितळातून परत आणायला लावलं आणि त्या पडवीतच गेला. चाचा दर वर्षी थंडीच्या आधी तिची शाकारणी करायचा, माती काढायची, मातीखालच्या चुरा झालेल्या चटया बदलायच्या, नवा थर द्यायचा. गावी पावसाआधी घर शाकारतात तसं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बंद करायलाही सांगितलं नाही.

मग तो खोलीकडे वळला. काम झाल्यावर मजरा चालवायला एक कंपनी येणार होती. तिच्या माणसांची सोय दूर दक्षिणेला, बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पमधे. चाचाचे व्हिसाचे कागद त्या कंपनीकडे जाणार, म्हणजे चाचाही तिकडे, एकावर एक रचलेल्या खाटांच्या खोलीत.

"गावी का जात नाही आता?"

"आत्ताच गेलो होतो ना. चहा कपबशीत देतात, पाव्हन्याला देतात तसा." त्याने खोलीकडे हात केला. "पडवीचा काय करायचा ता करा. मना हितं ऱ्हाऊ द्या. यवढाच."

मी ऑफिसला येऊन बॉसला सगळं सांगितलं. त्याने माझा नकाशा समोर ओढला.

"खरं सांगितलं तर पडवी पिवळी," तो म्हणाला. "नाही सांगितलं तर पडवी लाल आणि खोली पिवळी. खोली लाल व्हायची वाट मला दिसत नाही."

"तिसऱ्या काळालाही मूल्य आहे असं लिहू. तुमच्या नकाशात ट्रॅक्टरची शेड आहेच की."

"माझ्या नकाशाला समिती नव्हती." तरी त्याने पुरवणी लिहायला सांगितली. राखणदाराची खोली हा शेताच्या कामकाजाच्या इतिहासाचा भाग आहे, ती जपावी. एक पान. मी ते दोनदा लिहिलं. पडवीची दुरुस्ती मी वेगळ्या कागदावर लिहिली आणि फाईलच्या मागच्या कप्प्यात ठेवली. लागेल तेव्हा काढू म्हणून.

समितीची बैठक लुसैलमधे, बऱ्याच वरच्या मजल्यावर. आमच्याकडून मी एकटाच. गालिच्याला अजून गोंदाचा वास होता. आधी कॉफी आणि खजूर, मग एक फिल्म. तीत ससाणा होता, ढोल होते, उगवता सूर्य होता, एक भारदस्त आवाज होता. चार खोल्या आणि एका विहिरीसाठी एवढा सूर्य. मालक एका बाजूला बसला होता, पांढरा स्वच्छ पोशाख, हातात जपमाळ, चेहऱ्यावर दाताच्या डॉक्टरकडे बसलेल्या माणसाचा धीर.

मी खोलीबद्दल बोललो. बरं बोललो असावं, कारण कुणी मधे तोडलं नाही. अध्यक्षांनी शांतपणे अहवालाची पानं उलटली आणि एक वाक्य वाचून दाखवलं. तिसऱ्या काळातील बांधकामास वारसामूल्य नाही.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"मग?"

 अहवाल वाचणारा एक माणूस निघाला, आणि तो नेमका त्या पानापुरता.

"आणि पहिल्या काळाबद्दल तर शंका नाही ना?" ते म्हणाले. "लिवान नक्की मूळची?"

तीच वेळ होती. फाईल माझ्यासमोर होती. कागद काढला असता तर पडवी गेली असती, खोली तर गेलेलीच होती, आणि चाचाला दोन्हीपैकी एकही उभं दिसलं नसतं. हा विचार मी तेव्हा केला की नंतर स्वतःसाठी तयार केला, ते आता सांगता येणार नाही.

मालक पहिल्यांदाच बोलला. "माझ्या वडिलांच्याही आधीपासूनची," त्याने इंग्रजीत सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याच्या पायांनी तुडवलेली माती त्या छपरावर होती, हे त्या दालनात त्याला आणि मला दोघांनाच माहीत होतं.

"हो," मी म्हणालो.

लिफ्टमधे मालक आणि मी दोघेच होतो.  मग तो हिंदीत म्हणाला, "मेरा बाप उधर मरा है."

"और कमरा?"

"कमरा नया है," तो म्हणाला. "आपने लिखा." दार उघडलं. त्याने मला आधी जाऊ दिलं, चांगल्या घरातली माणसं देतात तसं.

चाचाला कॅम्पवर मीच सोडलं. त्याच्या सामानात एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि कापडात गुंडाळलेला बापाचा गवंडीकामातला ओळंबा. देशाच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे, सगळ्या नव्या पुलांवरून, झेंडे लावलेल्या खांबांमधून. तो खिडकीबाहेर बघत होता. बिरकत अल अवामेरला वळल्यावर एवढंच म्हणाला, "हितं झाड नाय एक पन." त्याने मला दोष दिला नाही. दिला असता तर परतीचा रस्ता सोपा गेला असता.

त्यानंतर त्या मजऱ्याचं माझ्याकडे एकच काम उरलं, देखभालीची पुस्तिका. अशी पुस्तिका म्हणजे अहवालापेक्षाही कमी वाचली जाणारी वस्तू. मधेच चालवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं की लिवानच्या वळचणीवर कामगारांची डोकी आपटतात, पाहुण्यांचीही आपटतील, ती एक हात वर घेता येईल का. मी उत्तर दिलं, पहिल्या काळातील मूळ बांधकामास धक्का लावता येणार नाही. हे लिहिताना बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं. खोट्याला एकदा शिक्का मिळाला की ते किती भार घेतं, हे मला कळलं.

मग त्याच्यावर आणखी थोडा भार टाकायचं ठरवलं. पुस्तिकेत मी शाकारणीचं कलम घातलं. लिवानच्या छपरावरील मातीचा थर दर वर्षी थंडीतल्या पावसाळी दिवसांआधी काढून पुन्हा द्यावा. काम त्या पद्धतीची परंपरागत माहिती असलेल्या कारागिरानेच करावं. पंधरा दिवस. थर सुकताना दर काही तासांनी पाहावा लागत असल्याने कारागिराने त्या काळात जागेवरच मुक्काम करावा. मुक्कामासाठी वेगळी खोली उपलब्ध नसल्यास लिवानचा उपयोग करावा. आणि माहीतगार कारागीर म्हणून एकाच माणसाचं नाव.

बॉसने पान वाचलं. "पावसाळी दिवस किती असतात?"

"चार-पाच."

"आणि काम पंधरा दिवस?"

"तुमच्या आजोबांना तो दगड कोरायला किती लागले?"

त्याने सही केली. महिन्याभराने तो निवृत्त होऊन गेला. चौकट नेली, खिळा राहिला.

वर्ल्ड कपच्या आधीच्या शेवटच्या हिवाळ्याच्या तोंडावर मी एका शुक्रवारी मजऱ्यावर गेलो. खोलीच्या जागी बारीक खडी पसरून बाकं टाकली होती. पडवीत गाद्या आणि लोड आले होते; ते सगळे एका कोपऱ्यात रचून चाचाने आपली वळकटी सोडली होती. तो शिडीवर होता. खाली एक गाईड चारपाच पाहुण्यांना सांगत होती की छपराचा उतार म्हणजे क्वचित येणाऱ्या जोरदार पावसाला स्थानिक कारागिरांनी शोधलेलं उत्तर. पाहुण्यांनी मान वर करून स्थानिक कारागिराचा फोटो काढला. चाचाने चिखलाचा हात वर करून "शुक्रन" म्हणत आभार मानले.

ते गेल्यावर त्याने मला पाहिलं. "आलात? बरा झाला. गादीवर झोप येत नाय, ती काडायला सांगा त्यांना."

"किती दिवस झाले येऊन?"

"सहा. नऊ ऱ्हायले." तो मोजून होता. "तुमी पंधरा लिवलंत. वीस नाय लिवता आले?"

"पुढच्या वर्षी बघतो."

"पुढल्या वर्षी मी हाय काय नाय." तो उतार बघायच्या दोरीचं एक टोक खाली सोडत म्हणाला, "धरा. जरा वर. आनी वर. नाशिकवाल्यानू, उतार वळचणीकडे आसतो, भिंतीकडे नाय."

मी मान वाकवून वळचणीखाली शिरलो आणि दोरी जिथे तो सांगेल तिथे धरून उभा राहिलो. हात भरून आला तरी त्याने खलास म्हटलं नाही.